'फ्लेस्क' म्हणजे फक्त डुक्करच का?

तळटीप

'नॉर्डिक देशांत शाकाहारी माणसाने खावं काय' या धाग्यावर 'फ्लेस्क' या तिकडच्या मांसासाठीच्या शब्दाबद्दल अवांतर फार झालं. संपादकांनी डोळे वटारले, म्हणून हा वेगळा धागा.

इंग्रजीत 'फ्लेश' म्हणजे कुठलंही मांस, अगदी माणसाच्या अंगावरचंसुद्धा. जर्मनीत खाटकाकडे मिळतं ते सगळं 'फ्लाइश'. डच 'व्लेस' त्याच माळेतला. आणि यांचाच सख्खा भाऊ डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आइसलंडला पोचला की फक्त डुकराचा होतो. गाईचं फ्लेस्क नसतं, मेंढीचं नसतं, कोंबडीचं तर नसतंच. तिन्ही मोठ्या स्कँडिनेव्हियन भाषांत स्वराचं अक्षर वेगवेगळं लिहितात, पण उच्चार जवळपास एकच : फ्लेस्क.

'कुठलंही मांस' यासाठी त्यांच्याकडे निराळा शब्द आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या भाषांच्या मध्ययुगीन आईत, तो 'क्योत' होता, आइसलंडमध्ये आजही 'क्यॉट' आहे. स्वीडिश लोक त्याचा 'शॉट' करतात. डॅनिश उच्चार देवनागरीत लिहिता येणार नाही, घशात बटाटा ठेवून 'कॉद' म्हणा. म्हणजे सर्वसाधारण मांसाची जागा आधीच भरलेली होती, आणि फ्लेस्कच्या वाट्याला आलं ते डुक्कर.

तेही सगळं डुक्कर नाही. डेन्मार्कच्या दुकानात नुसतं 'फ्लेस्क' म्हटलं की चरबीचे पदर असलेलं, बहुतेकदा कातडीसकट असलेलं मांस डोळ्यांसमोर येतं. पोटाकडचा भाग, बरगड्यांवरचा भाग. नुसतं डुकराचं मांस म्हणायचं तर 'स्वीनकॉद'. स्वीडनमध्ये मात्र डुकराची चरबीविरहित फिले सुद्धा 'फ्लेस्कफिले'च. नियम शोधायला जाऊ नका, मी जाऊन परत आले.

तर प्रश्न असा : हा शब्द डुकरालाच का चिकटला? मला जे माहीत आहे ते लिहिते, बाकीच्यांनी भर घाला.

शब्दाच्या मुळाशी 'फाडणे, ओरबाडून काढणे' असा अर्थ असावा असं मानतात. लिथुआनियन भाषेत 'प्लेश्टी' म्हणजे फाडणे, तो याचा लांबचा नातेवाईक म्हणून दाखवतात. म्हणजे आधी 'फ्लेस्क' हा जनावराचा प्रकार नव्हता, 'कापून वेगळा काढलेला तुकडा' होता. इंग्रजीत डुकराच्या खारवलेल्या अख्ख्या बाजूला 'फ्लिच' म्हणतात. जुन्या नॉर्समध्ये त्याचंच भावंड 'फ्लिक्की'. हेही याच कुळातले समजतात.

आता घर बघा. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, मेंढीची लोकर निघते. डुक्कर यातलं काहीच करत नाही. ते खातं, लठ्ठ होतं आणि हिवाळ्याच्या तोंडावर कापलं जातं. स्वीडिशमध्ये नोव्हेंबरचं जुनं नाव 'स्लाक्टमोनाद', कापण्याचा महिना. शरदात जंगलात ओक आणि बीचच्या झाडांखाली पडलेल्या फळांवर डुकरं चारायची. डेन्मार्कात त्या फळांना 'ओल्डन' म्हणतात आणि त्यावर पोसलेल्या डुकराला 'ओल्डनस्वीन'. मग कापायचं, मोठमोठ्या बाजू मिठात घालायच्या, धुरावर टांगायच्या, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत पुरवून खायचं. घरात महिनोन्महिने टांगलेला 'तुकडा' कोणाचा? डुकराचाच. शब्द तिथे घट्ट बसला असावा असं माझं मत. कुठल्या कोशात असं ठासून लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते.

---

आडवाटेची एसटी

वाचतोय. खुर्ची पकडून बसलो आहे.

---

बोरकूट

तळटीप ताई, मस्त धागा. पण हे सगळं कशाला? संस्कृतात 'पल' म्हणजे मांस. पलाशन म्हणजे मांस खाणारा. प चा फ झाला, पल चं फ्ल झालं, पुढे 'स्क' लागला. झालं फ्लेस्क. एवढं सरळ असताना लिथुआनियाला कशाला जायचं?

---

पाणचक्की

@बोरकूट, थांबा राव. गंमत म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे. संस्कृतात जिथे प तिथे जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, डॅनिश वगैरे) फ येतो हे खरंच. पितृ – फादर, पद – फूट. डॅनिशमध्ये 'फे' म्हणजे गुरंढोरं, तो आपल्या 'पशु'चा सख्खा भाऊ. आणि डॅनिश माणूस दुसऱ्याला 'फे' म्हणतो तेव्हा तो त्याला मूर्ख म्हणत असतो. आपल्याकडेही कोणाला पशू म्हटलं तर त्याला आनंद होत नाही.

पण पहिली दोन अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही. उरलेल्या 'एस्क'चं काय, ते सांगायला हवं. 'लागला' म्हणून चालत नाही. लग्न जमवताना फक्त आडनावाचं पहिलं अक्षर बघतो का आपण?

खरं संस्कृत नातं हवं असेल तर ते दुसरीकडे आहे. 'सूकर' मधला 'सू' आणि नॉर्डिक 'स्वीन', डॅनिशमधली मादी डुकरीण 'सो', लॅटिन 'सूस' हे एका मुळाचे. जुन्या नॉर्समध्ये डुकरिणीला 'सीर' म्हणत, आणि ते फ्रेया देवीच्या नावांपैकी एक होतं! देवीला डुकरीण म्हणणं त्यांना अजिबात खटकत नव्हतं.

आणि प-फ चा हा नियम पद्धतशीर मांडणाऱ्यांतला पहिला माणूस डेन्मार्कचाच. रास्मुस रास्क. त्याचा निबंध 1818 साली छापला गेला, जर्मनीच्या याकोब ग्रिमने तो नियम मांडला त्याच्या आधी. नियमाला नाव मात्र ग्रिमचं लागलं. हा रास्क पुढे इराणमार्गे 1820 मध्ये मुंबईत आला होता. इथल्या पारशांच्या मदतीने अवेस्ताचा अभ्यास केला, जुनी हस्तलिखितं जमवली आणि ती कोपनहेगनला नेली. मुंबईकरांना हे माहीत असायला हवं, पण नसतं.

---

बोरकूट

पटलं नाही, पण रास्कची माहिती आवडली. वाचतो त्याच्याबद्दल.

---

कोरडी हवा

मी नॉर्वेत, बर्गनला. तळटीप यांच्या तर्काला एक खोडा घालतो.

हा शब्द उत्तरेतला मूळचाच आहे की दक्षिणेकडून आलाय, हेच नक्की नाही. ध्वनी बघा. जर्मन 'श्टाइन' म्हणजे दगड, जुन्या नॉर्समध्ये तो 'स्टेइन'. जर्मन 'हाइम' म्हणजे घर, नॉर्समध्ये 'हेइम'. जिथे जर्मनमध्ये आइ तिथे नॉर्समध्ये एइ. या हिशोबाने जर्मन 'फ्लाइश'चा जोडीदार 'फ्लेइस्क' हवा होता. सापडतो तो 'फ्लेस्क', आखूड स्वराचा. यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे पुढे जोडाक्षर असल्यामुळे स्वर आखूड झाला, शब्द घरचाच. दुसरं म्हणजे शब्द जुन्या इंग्रजीतून किंवा उत्तर जर्मनीच्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून आला. दुसरं मत धरलं तर चित्र बदलतं. मग तो आधी व्यापाराचा शब्द ठरतो, पिंपात भरून विकायच्या खारवलेल्या मालाचा.

मी स्वतः पहिल्या मताकडे झुकतो, कारण शब्द कवितेत फार जुना आहे.

---

तळटीप

@कोरडी हवा, ती कविता मीच टाकणार होते, तुम्ही आयती कड दिलीत.

'ग्रीम्निस्माल' हे जुनं नॉर्स काव्य. ज्या हस्तलिखितात ते आज सापडतं ते साधारण 1270 च्या सुमाराचं, काव्य स्वतः त्याहून जुनं. (हे हस्तलिखित कित्येक शतकं कोपनहेगनला होतं. 1971 मध्ये डेन्मार्कने ते आइसलंडला परत केलं, युद्धनौकेतून, आणि बंदरावर लोकांची तोबा गर्दी होती. जुनी पोथी आली म्हणून!) त्यात देवांचा राजा ओडिन याच्या वालहाला या महालाचं वर्णन आहे. लढाईत मेलेले वीर तिथे रोज मेजवानी झोडतात. आचाऱ्याचं नाव आंद्रीम्निर, कढईचं नाव एल्द्रीम्निर, आणि त्या कढईत शिजतो तो रानडुक्कर सेह्रीम्निर. कवी म्हणतो, 'फ्लेस्का बझ्ट' : फ्लेस्कांत सर्वांत उत्तम. हा डुक्कर रोज शिजवला जातो आणि संध्याकाळी पुन्हा सबंध होतो, असं तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने लिहून ठेवलं आहे. द्रौपदीच्या थाळीची आठवण येणाऱ्यांनी हात वर करा.

ओडिन स्वतः त्यातला घासही खात नाही. आपला वाटा तो गेरी आणि फ्रेकी या दोन लांडग्यांना टाकतो आणि नुसत्या वाइनवर राहतो. यजमान बाई जेवायला बसतच नाहीत, तशातला प्रकार.

मुद्दा असा की भाषांतरकार या दोन शब्दांवर अडतात. कोणी 'सर्वोत्तम मांस' करतं, कोणी 'सर्वोत्तम डुकराचं मांस'. कढईत डुक्करच आहे, त्यामुळे दोन्ही चालतं, आणि म्हणूनच त्या एका ओळीवरून अर्थ कधी आकसला ते ठरवता येत नाही.

---

नऊवार

हात वर.

एक शंका. अर्थ आकसणं म्हणजे काय ते आपल्याकडे 'मटण'वरून कळतं ना? इंग्रजांचं मटन मेंढीचं, आपलं मटण बोकडाचं, आणि 'आज मटण आहे' म्हटलं की कोणी विचारत नाही कशाचं.

---

पाणचक्की

अगदी. आणि स्वीडिश 'मात' म्हणजे जेवण, अन्न, काहीही खायचं. इंग्रजीत तोच शब्द 'मीट' झाला आणि मांसापुरता उरला. म्हणजे इंग्रजांनी 'मीट' आकसवला आणि 'फ्लेश' सैल ठेवला, स्कँडिनेव्हियनांनी नेमकं उलट केलं.

---

उत्तनची होडी

आमच्याकडे ख्रिसमसला पोर्क इंदियाल आणि सोरपोतेल असतं, फुग्यांबरोबर (फुगे म्हणजे पिठाचे तळलेले गोळे). इंदियाल हा गोव्याच्या विंदालूचा भाऊ, दोन्ही पोर्तुगीजांच्या वाइन-लसणीच्या कालवणातून आलेले. तुमच्या त्या देशांत ख्रिसमसला काय करतात ते पण लिहा ना. शब्दच शब्द चाललेत, भूक लागली.

---

तळटीप

@उत्तनची होडी, नाताळच्या आदल्या रात्री डेन्मार्कच्या बहुतेक घरांत 'फ्लेस्कस्टाय' असतं. डुकराचा मोठा तुकडा, वर कातडी ठेवलेली. कातडीला बारीक पट्ट्यांत चिरा देतात, पण मांसापर्यंत जायचं नाही. चिरांमध्ये भरड मीठ चोळायचं, तमालपत्र खोचायची आणि ओव्हनमध्ये भाजायचं. कातडी पापडासारखी फुगून कुरकुरीत झाली पाहिजे. ती नरम राहिली तर घरातले सगळे तज्ज्ञ होतात. सोबत साखरेच्या पाकात घोळवलेले छोटे बटाटे आणि आंबटगोड लाल कोबी. हे पुरातन वाटतं, पण घरोघरी पसरलं ते एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगड्या-ओव्हन आल्यावर. त्याआधी सामान्य घरात मांस उकडायचं किंवा तव्यावर परतायचं.

रोजच्या जेवणातला राजा वेगळा आहे. 'स्टेग्ट फ्लेस्क', म्हणजे तळलेल्या जाड कापट्या, पांढऱ्या दुधाळ रश्शात पार्सली चिरून घातलेली, आणि उकडलेले बटाटे. 2014 मध्ये अन्नमंत्री डॅन यॉर्गनसन यांनी राष्ट्रीय पदार्थ ठरवायला मतदान घेतलं, त्यात हाच निवडून आला.

---

कोरडी हवा

आमच्याकडे 'फ्लेस्क ऊ डुप्पे'. फ्लेस्कच्या कापट्या आणि पांढरा रस्सा. डेन्मार्कच्याच पदार्थाचा भाऊ, पण नॉर्वेत असं म्हणायचं नाही.

नॉर्वेजियनमधला माझा सर्वांत लाडका वाक्प्रचार : 'स्मॉर पो फ्लेस्क'. फ्लेस्कवर लोणी. आधीच चरबी, त्यावर आणखी चरबी. व्याकरणाच्या तासाला मास्तर द्विरुक्तीला हेच म्हणतात.

---

नऊवार

पिवळा पीतांबर!

---

आडवाटेची एसटी

गाईचं गोमूत्र!

---

बोरकूट

लेडीज बायका. आमच्या गावच्या सुलभ शौचालयावर लिहिलेलं होतं.

---

संपादक

मंडळी, द्विरुक्तींसाठी जुना धागा आहे, तो वर काढावा. इथे फ्लेस्क चालू द्या.

---

काळा वाटाणा

फिनलंडहून. उशिरा आलो.

फिनिश ही भाषा या कुळातली नाहीच, तिचं नातं एस्टोनियन आणि लांबून हंगेरियनशी. पण सहाशे-सातशे वर्षं स्वीडनच्या राज्यात काढल्यामुळे स्वीडिश शब्द पोत्याने आले. अस्सल फिनिश शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही. मग पुढची व्यंजनं गाळून शेवटचं ठेवायचं. 'स्ट्रांड' म्हणजे किनारा, फिनिशमध्ये तो 'रांता'. 'ग्लास'चं 'लासी'. फ्रान्सला इथे 'रान्स्का' म्हणतात. आपल्याकडे स्टेशनाचं टेशन झालं, तेच.

तसं 'फ्लेस्क'चं झालं 'लॅस्की'. अर्थ चरबी, आणि डुकराचं चरबीदार मांस. 'लॅस्कीसोसी' म्हणजे कापट्या परतून त्याच चरबीत पीठ भाजून केलेला तपकिरी रस्सा, बटाट्यांबरोबर. शाळा-सैन्यात जेवलेल्या पिढीचा जिव्हाळ्याचा पदार्थ. पण आज कोणाला 'लॅस्की' म्हणालात तर तो जाडेपणावरून केलेला चांगलाच दुखावणारा अपमान असतो. स्वीडिशमध्येही 'फ्लेस्क' माणसाच्या अंगावरच्या चरबीसाठी वापरतात, फक्त तिथे धार जरा कमी आहे. म्हणजे शब्द माणसापासून निघून डुकरावर गेला आणि डुकरावरून पुन्हा माणसावर आला.

आणखी एक. हॅमला स्वीडिशमध्ये लिहितात 'स्किंका', पण उच्चार आता 'शिंका'च्या जवळ जातो. मराठी माणसाला नाताळात 'शिंका घेणार का?' म्हणून विचारलं की तो बावचळतो. डॅनिशमध्ये अजून स्पष्ट 'स्किंके' म्हणतात, आणि आमच्या फिनिश 'किंक्कू'तही तो क शाबूत आहे. नाताळचा 'योउलुकिंक्कू' रात्रभर मंद ओव्हनमध्ये असतो.

---

आडवाटेची एसटी

शिंका 😂

स्वीडनमधलं कोणी आहे का? तिकडे गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं ना?

---

हिरवी बोळवण

मी स्टॉकहोमजवळ. हो, गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप, त्यात खारवलेलं फ्लेस्क, बाजूला मोहरी, आणि नंतर पॅनकेक. सैन्यात, शाळेत, ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळीकडे. कारण असं सांगतात की कॅथलिक काळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून गुरुवारी भरपेट. श्रावण लागायच्या आधी आपण करतो तेच. सोळाव्या शतकातला स्वीडनचा राजा चौदावा एरिक 1577 मध्ये कैदेत मेला, त्याला याच सुपातून विष घातलं अशी कथा आहे. 1958 मध्ये त्याचं थडगं उघडलं तेव्हा हाडांत आर्सेनिक सापडलं. सूप मात्र लोकांनी सोडलं नाही.

नॉर्वेत तर उपवासाच्या आधीच्या रविवारचं नावच 'फ्लेस्केसॉन्दाग' होतं. @कोरडी हवा, बरोबर ना?

---

कोरडी हवा

बरोबर. त्यानंतरचा सोमवार 'फ्लेस्केमांदाग'. आपल्या गटारीला असं सभ्य नाव कोणी दिलं नाही.

---

पाणचक्की

राजकारणातला अर्थ राहिला. 'वालफ्लेस्क'. वाल म्हणजे निवडणूक. निवडणुकीच्या तोंडावर मतदारांना दाखवलेली, पुढे पाळली न जाणारी खिरापत. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन तिन्हींत आहे. अमेरिकन इंग्रजीतल्या 'पोर्क बॅरल'शी याची गल्लत करू नये. तिथे आपल्या मतदारसंघासाठी सरकारी पैसा खरोखर ओढून आणलेला असतो. वालफ्लेस्कमध्ये नुसता वास दाखवायचा. आपण त्याला गाजर दाखवणं म्हणतो. थंड प्रदेशात गाजराने कोणी भुलत नसावं.

स्वीडिशमध्ये 'वाल' म्हणजे देवमासासुद्धा, त्यामुळे व्यंगचित्रकारांची सोय होते.

---

बोरकूट

डेन्मार्कमध्ये एका गावात सरकारी जेवणात डुकराचं मांस सक्तीचं केलं होतं ना? ते काय प्रकरण?

---

तळटीप

सक्तीने खायला घालणं नव्हतं. रान्दर्स शहराच्या नगरपालिकेत जानेवारी 2016 मध्ये ठराव झाला की पाळणाघरं वगैरे पालिकेच्या संस्थांच्या जेवणात डुकराच्या मांसासह डॅनिश पदार्थ असलेच पाहिजेत. बाजूने म्हणणारे 'आमची खाद्यसंस्कृती' म्हणत होते, विरोधक 'हे मुस्लिमांना डिवचणं' म्हणत होते. मत काय द्यायचं ते प्रत्येकाने ठरवावं. मला इतकंच दिसलं की फ्लेस्क हा शब्द तेव्हा मांसाबद्दल बोलतच नव्हता.

मात्र त्यामागे पैशाचाही इतिहास आहे. 1887 मध्ये जर्मनीने डेन्मार्कमधून जिवंत डुकरं घेणं बंद केलं. त्याच वर्षी हॉर्सन्सला शेतकऱ्यांनी मिळून पहिला सहकारी डुक्कर-कत्तलखाना काढला, आणि जिवंत डुकरांऐवजी खारवलेला माल इंग्लंडला जायला लागला. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या साठेक वर्षं आधी! इंग्रजांना हवा होता तो माल 'बेकन' या नावाने, आणि तोच शब्द डॅनिशमध्येही शिरला. गंमत अशी की बेकन मुळात जर्मानिकच, पाठीसाठीच्या शब्दाशी जोडलेला, फ्रेंचांनी उचललेला, त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेलेला. आज डेन्मार्कात डुकरं माणसांच्या जवळपास दुप्पट आहेत. रस्त्यावर एकही दिसत नाही, सगळी बंद शेडमध्ये. याबद्दल इथेही बरंच बोललं जातं, पण तो वेगळा धागा.

---

काळा वाटाणा

आइसलंड कोणीच घेतलं नाही. तिकडे पहिल्या वसाहतवाल्यांनी डुकरं नेली होती. त्यांतल्या इंगिमुंडची गोष्ट आहे : त्याची दहा डुकरं हरवली, पुढच्या शरदात सापडली तेव्हा शंभर झाली होती. त्या दरीचं नाव स्वीनादालुर, तळ्याचं नाव स्वीनावात्न, आजही नकाशावर आहेत. कळपातला मोठा नर डुक्कर बेइगाद पकडू पाहणाऱ्यांपासून पळत तळ्यात उतरला आणि खूर गळून पडेपर्यंत पोहला. पुढे मध्ययुगानंतर डुकरं तिथून जवळपास नाहीशी झाली आणि मेंढी सगळ्यावर बसली. नाताळलाही तिथे धुरावलेलं मेंढीचं मांस मानाचं. शब्द उरला, जनावर गेलं.

---

नवी पालवी

माझा प्रश्न अगदी साधा आहे, रागावू नका. पुढच्या महिन्यात नवऱ्याची बदली गोथेनबर्गला. आम्ही चिकन-मटण खातो, डुक्कर नाही. पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

---

हिरवी बोळवण

@नवी पालवी, रागावतंय कोण! स्वीडनमध्ये 'फ्लेस्क', 'ग्रीस', 'स्वीन', 'शिंका', 'बेकन' यातलं काहीही दिसलं तर ठेवून द्या. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे खिमा. 'ब्लांदफॅश' लिहिलं असेल तर तो गाय आणि डुक्कर मिसळलेला. 'नॉत' म्हणजे गोवंश, तेही नको असेल तर 'लाम' किंवा 'शिक्लिंग' बघा. वाटाण्याच्या सुपाचा डबा घेताना शाकाहारी असं लिहिलेलाच घ्या. आणि मऊ गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असतं, ते बहुतेकदा डुकराचंच.

---

तळटीप

डेन्मार्कला फिरायला आलात तर 'काल्व ऊ फ्लेस्क' असं लिहिलेला खिमा म्हणजे वासरू आणि डुक्कर. इथल्या मीटबॉलमध्ये तोच असतो. आणि राय ब्रेडवर लोण्यासारखं पांढरं काही फासलेलं दिसलं तर आधी विचारा, 'फेट' म्हणजे डुकराची चरबी असू शकते.

---

काळा वाटाणा

फिनलंडमध्ये खिम्याच्या पाकिटावर 'सिका-नाउता' : सिका डुक्कर, नाउता गोवंश. कोंबडी हवी तर 'काना'. कधी हेलसिंकीला आलात तर कळवा, मटण मिळणारं दुकान दाखवतो.

---

नवी पालवी

सगळ्यांचे आभार. स्क्रीनशॉट काढून ठेवले. गोथेनबर्गला मटण बोकडाचं मिळतं की मेंढीचंच?

---

हिरवी बोळवण

मेंढीचंच जास्त. बोकडासाठी अरबी-सोमाली दुकानं बघा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.